आझादपूरचा भाव आणि लासलगावची चाळ

नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. हयातीचे दाखले सादर करण्याचे दिवस असल्यामुळे पूर्व दिल्लीतील आमच्या शाखेत निवृत्तिवेतनधारकांची रांग काउंटरपासून थेट दारापर्यंत गेली होती. अशा रांगेत सहसा दोनच विषय चालतात, एक मुदत ठेवींचा व्याजदर आणि दुसरा गुडघेदुखी. त्या दिवशी मात्र दोन्ही विषय मागे पडले होते. एक निवृत्त शिक्षिका हातातील कापडी पिशवी उंचावून सर्वांना सांगत होत्या, की भाजीवाल्याने कांद्याचा भाव सत्तर रुपये सांगितला आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी कांदा पावशेर घेतला. दिल्लीतील घरांत कांदा 'धडी'ने, म्हणजे पाच-पाच किलोंनी घ्यायची जुनी रीत आहे, हे ठाऊक असलेल्यांनाच त्या पावशेराची बोच कळेल.

आमच्या शाखेचे सुरक्षारक्षक हे सारे ऐकत होते. रांग थोडी ओसरल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "साहब, आप तो नासिक के हैं। आपके यहाँ तो सस्ता होगा?"

प्रश्न साधा होता. उत्तर तितके साधे नव्हते. मी निफाड तालुक्यातला. घरी आजही कांद्याची शेती आहे आणि ती माझे काका पाहतात. ज्या दिवशी दिल्लीत कांदा सत्तर रुपयांवर होता, त्या दिवशी काकांच्या चाळीत कांद्याची एक पाटीही शिल्लक नव्हती. त्यांनी आपला उन्हाळ कांदा जुलैतच विकला होता. तेव्हा त्यांना जो भाव मिळाला तो आणि नोव्हेंबरमध्ये आमच्या शिक्षिकाबाईंनी दिला तो, या दोहोंत कांदा एकच होता, पण मधले चार महिने आणि तेराशे किलोमीटर कोणाच्या खात्यात जमा झाले, हे ना त्यांना ठाऊक होते, ना यांना. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक, तरीही

आपल्या देशातील किरकोळ महागाई ज्या ग्राहक किंमत निर्देशांकाने मोजली जाते, त्याच्या २०१२ या आधारवर्षाच्या मालिकेत कांद्याचा भार शंभरात अवघा ०.६४ होता. टोमॅटोचा ०.५७ आणि बटाट्याचा ०.९८. तिन्ही मिळून सव्वादोनपेक्षाही कमी. निव्वळ आकड्यांकडे पाहिले तर घरभाडे, शाळेचे शुल्क आणि औषधे यांपुढे कांदा ही किरकोळ बाब ठरावी. तथापि दिल्लीत सरकार बदलण्याच्या चर्चेत घरभाड्याचे नाव फारसे निघाल्याचे ऐकिवात नाही. कांद्याचे मात्र निघाले आहे.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी मागणीची लवचीकता शिकवताना आमच्या प्राध्यापकांनी मिठाचे उदाहरण दिले होते. दिल्लीत राहिल्यावर मला कांद्याचे उदाहरण अधिक पटू लागले आहे. मीठ वर्षानुवर्षे त्याच भावाने मिळते, त्यामुळे त्याची परीक्षा होत नाही. कांद्याचा भाव दर दोन दिवसांनी डोळ्यांसमोर येतो, भाव दुप्पट झाला तरी फोडणी थांबत नाही, आणि त्याच्या जागी घालावे असे दुसरे काही नाही. ज्यांच्या घरी कांदा हा भाजीचा मसाला आहे त्यांचे एक वेळ निभावते. आमच्या सुरक्षारक्षकांसारख्या अनेकांच्या घरी कांदा आणि हिरवी मिरची हीच रोटीबरोबरची भाजी असते. महिन्याला पाच किलो कांदा लागणाऱ्या घरात तीसचा भाव सत्तर झाला, तर दोनशे रुपये वाढतात. दरमहा गावी पैसे पाठवणारा माणूस हे दोनशे रुपये त्याच पैशांतून कापतो. पाठवल्या जाणाऱ्या रकमेतली ही कपात काउंटरच्या पलीकडे बसून आम्हाला दिसते.

कांद्याने राजकारणात प्रवेश केला तो १९८० च्या जानेवारीतील लोकसभा निवडणुकीत. कांद्याचे वाढलेले भाव हा त्या प्रचारातील एक गाजलेला मुद्दा होता. परंतु दिल्लीकर आजही ज्याची आठवण काढतात ते साल १९९८. अवेळी पावसाने पीक बुडाले आणि त्या वर्षी सणासुदीच्या तोंडावर राजधानीत कांदा चाळीस ते साठ रुपये किलोवर गेला. तेव्हाच्या पगारांचा विचार करता हा भाव आजच्या दीडशे-दोनशे रुपयांसारखा बोचला असेल. १२ ऑक्टोबर १९९८ रोजी साहिबसिंग वर्मा यांच्या जागी सुषमा स्वराज मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या हाती जेमतेम दोन महिनेही नव्हते. नोव्हेंबरात निवडणूक झाली, सत्तरपैकी ५२ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि डिसेंबरच्या आरंभी शीला दीक्षित यांनी शपथ घेतली. पराभवाची इतर कारणे होतीच. पण लोकस्मृतीत कारण एकच उरले.

मी त्या वेळी दहा वर्षांचा होतो. आमच्या गावात 'यंदा कांद्याला सोन्याचा भाव' असे सगळे म्हणत, आणि आमच्या घरात मात्र नवे कपडे आले नाहीत. ते गणित मला पुष्कळ वर्षांनी उलगडले. त्या वर्षी भाव होता, कांदा नव्हता. ज्या पावसाने दिल्लीत भाव चढवला, त्याच पावसाने आमच्या वावरातला कांदा सडवला होता.

दिल्लीची घाई

१९९८ च्या अनुभवाचा एक परिणाम असा, की त्याच वर्षी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागात किंमत संनियंत्रण कक्ष स्थापन झाला. आरंभी १४ जीवनावश्यक वस्तूंचे भाव १८ केंद्रांवरून गोळा होत. आज ३८ वस्तूंचे भाव साडेपाचशे केंद्रांवरून दररोज येतात. भाव चढू लागला हे सरकारला आता वर्तमानपत्रांतून कळत नाही, ही निःसंशय प्रगती आहे. प्रश्न पुढचा आहे. भाव चढल्याचे कळल्यावर हाती साधने कोणती?

पहिले आणि सर्वांत जलद साधन म्हणजे निर्यातीची दोरी आवळणे. ती तीन प्रकारे आवळली जाते: किमान निर्यात मूल्य ठरवून, निर्यात शुल्क लावून किंवा सरळ बंदी घालून. डिसेंबर २०१० मध्ये नाशिक भागातील अवकाळी पावसानंतर दिल्लीत कांदा ऐंशीच्या घरात गेला, तेव्हा निर्यात थांबवली गेली, आयात शुल्क शून्यावर आणले गेले आणि अटारीमार्गे पाकिस्तानचा कांदाही आला. २०१३ मध्ये बंदीऐवजी किमान निर्यात मूल्याचा मार्ग निवडला गेला. ऑगस्टमध्ये टनाला ६५० डॉलर असलेले हे मूल्य नोव्हेंबरपर्यंत ११५० डॉलरवर नेण्यात आले, म्हणजे परदेशी ग्राहकाने आपण होऊन पाठ फिरवावी अशी व्यवस्था झाली. २९ सप्टेंबर २०१९ रोजी पुन्हा बंदी आली, १४ सप्टेंबर २०२० रोजी आणखी एकदा.

दुसरे साधन साठा मर्यादेचे. त्याचा आधार जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५. धान्यटंचाई आणि साठेबाजी यांच्या सावटाखालील त्या काळात तो आवश्यक होता, याबद्दल दुमत नसावे. या अधिनियमाखाली व्यापाऱ्याने किती माल जवळ बाळगावा याला मर्यादा घालता येते. सप्टेंबर २०१९ मध्ये किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटल आणि घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल अशी कांद्याची मर्यादा ठरली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती किरकोळीसाठी २ टन आणि घाऊकसाठी २५ टन इतकी खाली आली. गंमत अशी, की त्याच २०२० साली या अधिनियमात दुरुस्ती होऊन साठा मर्यादा अपवादात्मक परिस्थितीतच लावावी असे ठरले होते. नाशवंत फळभाज्यांचा किरकोळ भाव दुप्पट झाल्याशिवाय मर्यादा नको, अशी ती तरतूद होती. कायद्यावरील शाई वाळण्याआधीच कांद्याने ती अट पूर्ण केली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये तीन कृषी कायदे मागे घेण्यात आले, त्यांतच ही दुरुस्तीही होती.

आयात हे तिसरे साधन, आणि माझ्या मते सर्वांत दुबळे. २०१९ च्या डिसेंबरात दिल्लीत कांद्याने शंभरी ओलांडली, तेव्हा तुर्कस्तान आणि इजिप्त येथून कांदा मागवला गेला. करार, जहाज, बंदर आणि तेथून ट्रक इतका प्रवास करून तो आला तोवर देशी लाल कांदा बाजारात उतरू लागला होता. परदेशी कांद्याची चव आणि आकार आपल्या लोकांच्या पसंतीस उतरला नाही, आणि आधी मागणी नोंदवलेल्या काही राज्यांनी ती मागे घेतली. कांद्याचा तुटवडा सहा ते आठ आठवड्यांचा असतो. त्यावर दोन महिन्यांनी पोहोचणारे औषध काय कामाचे?

राहिले चौथे साधन, ते म्हणजे सरकारने स्वतःच साठा करून तो वेळेवर बाजारात आणणे. त्यासाठी २०१४-१५ मध्ये ५०० कोटी रुपयांचा मूल्य स्थिरीकरण निधी उभारण्यात आला. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था उन्हाळ्यात कांदा खरेदी करतात आणि शरद ऋतूत दिल्लीसारख्या शहरांत विकतात. २०२०-२१ मध्ये सुमारे एक लाख टन असलेला हा राखीव साठा पुढील वर्षांत पाच लाख टनांच्या उद्दिष्टापर्यंत गेला. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडला, तेव्हा याच संस्थांच्या गाड्या दिल्ली, नोएडा आणि गुरुग्रामच्या चौकांत प्रथम ९०, मग ८० आणि नंतर ७० रुपयांनी टोमॅटो विकत होत्या. 'भारत' या नावाने साठ रुपये किलोची चणाडाळ, नंतर साडेसत्तावीस रुपयांचे पीठ आणि २९ रुपयांचा तांदूळही आला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तर दिवाळीच्या तोंडावर 'कांदा एक्स्प्रेस'च आली. लासलगाव स्थानकावरून निघालेली १,६०० टन कांद्याची मालगाडी २० ऑक्टोबरला दिल्लीच्या किशनगंज स्थानकात पोहोचली. ट्रकांच्या हिशेबात पन्नासहून अधिक ट्रक एकाच खेपेत. आमच्या गावाकडून दिल्लीला जाणाऱ्या लोहमार्गावरून इतका कांदा एकाच गाडीने येताना पाहून एखाद्या पाहुण्याला उतरवून घ्यायला जावे असे मला वाटले, हे कबूल करतो. पस्तीस रुपये किलोच्या त्या कांद्यासाठी एका रविवारी मीही गाडीपुढील रांगेत उभा राहिलो. कांदा चांगला होता. माझ्या मागे वीस-पंचवीस माणसे असताना तो संपला. मागच्यांनी पुढच्या चौकातल्या भाजीवाल्याकडून साठ रुपयांनी घेतला असणार.

चाळीतले महिने

आता तेराशे किलोमीटर दक्षिणेला जाऊ. दिल्लीच्या आझादपूर मंडईत चाळीस किलोच्या मणावर जो भाव बोलला जातो, त्याचे बीज बहुतांशी लासलगावच्या लिलावात असते. १९४७ साली स्थापन झालेली ही बाजार समिती आशियातील कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून ओळखली जाते, आणि देशातील कांद्याचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या महाराष्ट्राचा आहे. दिल्लीच्या शेजारच्या अलवरचा कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात राजधानीला आधार देतो खरा, पण तो थोड्याच दिवसांचा.

कांद्याचे तीन हंगाम. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरपासून निघतो, त्यामागून रांगडा, आणि मार्च ते मे या काळात उन्हाळ कांदा. लाल कांद्यात पाणी अधिक. तो टिकत नाही, आला तसा विकावा लागतो. टिकतो तो उन्हाळ. देशाच्या उत्पादनापैकी दोन तृतीयांशाच्या आसपास हा एकटा उन्हाळ कांदा असतो आणि मेपासून नवा लाल कांदा येईपर्यंत साऱ्या देशाची फोडणी त्याच्यावर चालते. म्हणजे नोव्हेंबरात दिल्लीत कांदा किती रुपयांना मिळणार, याचा निर्णय बराचसा मे महिन्यात निफाड, चांदवड आणि येवल्याच्या चाळींत झालेला असतो.

शहरी वाचकांसाठी चाळ म्हणजे काय हे सांगायला हवे, कारण मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर दुसरीच चाळ येईल. जमिनीपासून उचललेला तळ, दोन्ही बाजूंना हवा खेळावी अशा लाकडी वा बांबूच्या पट्ट्यांच्या भिंती, वर पत्र्याचे किंवा कौलाचे छप्पर. आत कांदा साधारण चार-पाच फूट उंचीपर्यंत रचलेला. वीज नाही, यंत्र नाही, वारा हेच यंत्र. पाऊस दमट झाला की काजळी धरते, काही कांद्यांना मोड येतात, काही सडतात आणि शेजाऱ्यांना सडवतात, आणि उरलेले नुसते वाळून वजनाला हलके होतात. एप्रिलमध्ये आत गेलेल्या शंभर किलोंपैकी ऑक्टोबरात साठ-सत्तर किलो बाहेर येतात. ही तीस-चाळीस टक्के घट कोणा साठेबाजाने खाल्लेली नसते, हवेने खाल्लेली असते. पण तिची किंमत उरलेल्या कांद्यावर चढतेच.

यावर विज्ञानाने काहीच केले नाही असे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावातच विकिरण केंद्र उभारले. गॅमा किरणांनी कांद्याला मोड येणे थांबते. पुढे २००७ पासून या केंद्राचे नाव झाले ते अमेरिकेला जाणाऱ्या हापूस आंब्यासाठी! कांद्यासाठी बांधलेल्या घरात आंबा राहायला आला, कारण आंब्याला विकिरणाचा खर्च झेपतो. स्वस्त मालाला महाग तंत्र परवडत नाही, हे त्यामागील साधे अर्थशास्त्र.

वसुलीचे प्रमाणपत्र

दिल्लीला येण्यापूर्वी काही वर्षे मी नाशिक जिल्ह्यातील एका ग्रामीण शाखेत कृषी अधिकारी म्हणून काम केले. त्या काळातील एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना ती ओळखीची वाटेल.

पीककर्जाची रचना वाचकांना ठाऊक असेलच. ठरावीक मर्यादेपर्यंतचे कर्ज सात टक्के व्याजाने मिळते आणि वेळेवर फेडल्यास तीन टक्के सवलत. म्हणजे प्रत्यक्षात चार टक्के. योजना उत्तम आहे. मार्च महिन्यात थकबाकीच्या याद्या घेऊन मी मोटारसायकलवर गावे फिरत असे. शेतकरी चहा पाजीत आणि एकच वाक्य बोलत, "साहेब, कांदा निघू द्या, लगेच भरतो." आणि ते खरोखरच भरत. एप्रिलमध्ये कांदा उपटला, की त्यातला मोठा भाग चाळीत न जाता थेट लिलावाला जाई. सर्वांचाच कांदा एकाच वेळी लिलावाला गेल्याने भाव पडे. पण सवलतीची तारीख चुकली तर व्याज वाढते आणि नवे कर्ज अडते. खरिपाची पेरणी तोंडावर असते. घरात एखादे लग्न असते. थांबण्याची ऐपत नसलेला माणूस पडलेल्या भावाने विकतो.

एका वर्षी आमच्या शाखेची कृषी कर्जवसुली अत्यंत चांगली झाली. वरिष्ठांचे अभिनंदनपर पत्र आले, ते आम्ही सूचनाफलकावर लावले. त्याच डिसेंबरात, २०१८ साली, नाशिक जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले एकूण १,०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवल्याची बातमी देशभर गाजली. किलोला दीड रुपयाही नाही. सूचनाफलकावरील ते पत्र मी त्या दिवशी पुन्हा वाचले. वसुली शंभर नंबरी होती. ती कोणत्या भावाने विकलेल्या कांद्यातून आली होती, असा रकाना आमच्या विवरणपत्रात नव्हता.

थांबण्यासाठी कर्ज मिळू शकते का? नियमात तशी सोय आहे. लहान शेतकऱ्याने आपला माल मान्यताप्राप्त गोदामात ठेवून त्याची परक्राम्य गोदाम पावती आणली, तर सहा महिन्यांपर्यंत सवलतीच्या व्याजाने तारणकर्ज मिळते. २००७ च्या गोदाम अधिनियमाने या पावतीला कायद्याचे बळही दिले. गहू, सोयाबीन, हरभरा यांना ही सोय लागू पडते. कांद्याची अडचण वेगळी. शेतकऱ्याच्या वावरातली चाळ हे नोंदणीकृत गोदाम नव्हे, आणि दरमहा वजनाने घटणारे तारण कोणता अधिकारी स्वीकारील? मी स्वतः त्या खुर्चीवर असताना असे दोन अर्ज नाकारले आहेत आणि नियमांनुसार तो निर्णय योग्यच होता. तरीही माझे मत असे बनले आहे, की गावातील शेतकरी उत्पादक कंपनीची सामाईक चाळ, घटीचा अंदाज आधीच धरून ठरवलेले कर्जाचे प्रमाण, आणि परतफेडीची तारीख एप्रिलऐवजी सप्टेंबरात, एवढ्या तीन गोष्टी जमल्या, तर दिल्लीच्या नोव्हेंबरावर त्याचा परिणाम एखाद्या मालगाडीपेक्षा अधिक होईल. हे मत माझे व्यक्तिगत आहे.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधानुसार ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो, त्यातील सुमारे ३६ पैसेच शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. उरलेल्या ६४ पैशांना सरसकट दलालांची लूट म्हणण्याची पद्धत आहे. त्यात नफेखोरी नाही असे मी म्हणणार नाही. पण त्यात आडत आहे, हमाली आणि तोलाई आहे, गोणी आहे, ट्रकभाडे आहे, वाटेतली घट आहे आणि भाजीवाल्याच्या हातगाडीवर संध्याकाळपर्यंत न खपलेला कांदाही आहे.

एका कांद्याची दोन खाती

निर्यातीची दोरी आवळली की गावाकडे काय होते, हे मी दिल्लीत बसून प्रथम २०२३ मध्ये अनुभवले. १९ ऑगस्ट रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. दिल्लीच्या वर्तमानपत्रांत ती दिलाशाची बातमी होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांचा फोन आला. त्या वर्षी त्यांनी धाडस करून निम्मा कांदा चाळीत राखला होता.

"तुमच्या दिल्लीत स्वस्त झाला का रे?" त्यांनी विचारले.

"अजून नाही, काका."

"मग आमचा कशाला पाडला?"

लासलगावसह जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. सरकारने दोन लाख टन जादा कांदा क्विंटलला २,४१० रुपयांनी खरेदी करण्याचे जाहीर केले. दिल्लीत २५ रुपये किलोने विक्री सुरू झाली. तरी ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आले आणि ८ डिसेंबरला संपूर्ण बंदी. ती उठली ४ मे २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, जेव्हा नाशिक परिसरात कांदा हाच प्रचाराचा मुख्य विषय झाला होता. सप्टेंबरमध्ये शुल्क निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्णतः गेले. दरम्यान परदेशी ग्राहकांनी इतर देशांशी संधान बांधले होते. ग्राहकाने एकदा खाते दुसरीकडे हलवले की परत आणणे किती कठीण असते, हे बँकेतील माणसाला वेगळे सांगायला नको.

माझ्या हिशेबाची वही सांगते, की दिल्लीतील चौघांच्या घराला चाळीस रुपयांची भाववाढ महिन्याला दोनशे रुपयांना पडते. निफाडात एकरी ऐंशी ते शंभर क्विंटल उत्पादन धरले, तर किलोमागे दहा रुपयांची घसरण एका एकराला ऐंशी हजार ते एक लाख रुपयांना पडते. यावरून शेतकऱ्याची बाजू बळकट आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण दिल्लीत आणि तिच्या भोवतालच्या नोएडा, गाझियाबाद, फरिदाबादेत अशी लाखो घरे आहेत, आणि आमच्या सुरक्षारक्षकांचे ते दोनशे रुपये कोठून कापले गेले हे मी पाहिले आहे. सरकारच्या आसनावर बसलेल्या माणसाने या दोन वह्यांपैकी कोणती आधी उघडावी, याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच दिसते, की दिल्लीची वही कृषी भवनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पुढच्याच वर्षी पारडे उलटे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ महागाईचा दर ६.२१ टक्के होता आणि भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच दर ०.२५ टक्क्यावर आला. वस्तू व सेवा कराच्या कपातीचा त्यात भाग होता, पण भाज्या आणि डाळींच्या उतरलेल्या भावांचा वाटा मोठा होता. महागाई आटोक्यात आल्याने रिझर्व्ह बँकेलाही व्याजदर उतरवण्यास वाव मिळाला. वर्षाच्या आरंभी ६.५० टक्के असलेला रेपो दर डिसेंबर २०२५ पर्यंत ५.२५ टक्क्यांवर आला होता.

त्या डिसेंबरात नोएडातील एक तरुण दाम्पत्य गृहकर्जाचा नवा हप्ता समजून घेण्यासाठी शाखेत आले होते. कर्ज मोठे, मुदत वीस वर्षांची. हप्ता किती कमी होईल तो आकडा मी कागदावर लिहून दिला, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मुलाच्या शाळेच्या बसचा खर्च त्यात निघेल असे त्या बाई म्हणाल्या. मला मनापासून आनंद झाला.

त्याच संध्याकाळी काकांशी बोलणे झाले. उन्हाळ कांद्याची चाळ त्यांनी दिवाळीपूर्वीच रिकामी केली होती. ट्रॅक्टरचे भाडे, हमाली आणि तोलाई वजा जाता हाती काय राहिले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

"तिकडं काय भाव चाललाय?" त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले.

"किरकोळीत पंचवीस."

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, की रोप चांगले उतरले आहे, लागवड पुढच्या आठवड्यात सुरू करतील; पण यंदा तीनऐवजी दोनच एकर. एका एकरात हरभरा टाकला आहे.

"आणि हे बघ," फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "कर्जाच्या नूतनीकरणाची तारीख एकतीस मार्चच ना रे?"